फुली कुणी पुसली?

हिरामामा गेल्याचा निरोप आमच्या छापखान्यात आला तो शेजारच्या औषधांच्या दुकानातून. आमच्याकडे फोन कधीच नव्हता. दुकानातला माणूस पायरीशी येऊन म्हणाला, रोह्याहून फोन होता, हिराजी म्हणून कुणी सकाळी गेले म्हणे... बाबा तेव्हा खिळे जुळवत होते. शिशाच्या अक्षरांना आमच्या धंद्यात खिळे म्हणतात. एका लग्नपत्रिकेची अर्धी ओळ त्यांच्या हातात भरून झाली होती. त्यांनी ती ओळ पूर्ण केली, घट्ट बसवली, बोटाने तपासली आणि मग आत जाऊन आईला सांगितलं. मला त्यांचा संताप आला. आईचा सख्खा भाऊ गेला होता आणि हा माणूस कुणाच्या तरी लग्नाची ओळ पुरी करत होता. त्या ओळीत एक अक्षर उलटं बसलं होतं, ते आम्हाला पत्रिका छापून झाल्यावर दिसलं. बाबांच्या हातून असं झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पेणहून दुपारच्या एसटीने आम्ही तिघं रोह्याला पोचलो. मामा-मामी एका चाळीच्या टोकाच्या खोलीत राहत. त्या खोलीचं दार चौकटीत तिरकं बसवलेलं होतं. सोडलं की आपोआप मिटायचं. म्हणून खाली एक लोखंडी तुकडा लावलेला असे. मामाला उचलून बाहेर काढताना कुणाचा तरी पाय लागून तो तुकडा सरकला आणि दार मिटू लागलं. उचलणारे उंबऱ्यातच अडकले. अर्धे आत, अर्धे बाहेर. बाबा पुढे झाले, वाकले, तुकडा उचलून पुन्हा दाराखाली लावला. पण ते लगेच उठले नाहीत. जरा जास्तच वेळ तसेच वाकून राहिले. मला वाटलं, गुडघे धरले असतील.

हिरामामावर सहा वर्षांपूर्वी मी एक पत्रक लिहिलं होतं. ते वाचलेले लोक पेणमध्ये आणि खाडीकाठच्या गावांत अजून आहेत. हा लेख आधी त्यांच्यासाठी आहे.

मामा एका बांधकाम कंत्राटदाराकडे खरेदीला होता. त्या कंत्राटदाराला सगळे शेठ म्हणत, मीही तेवढंच म्हणते. कंपनीचं आवार वडखळच्या अलीकडे हमरस्त्याला लागून होतं. पूल, पाण्याच्या टाक्या, कारखान्यांच्या शेड अशी त्यांची कामं असत आणि त्यांना लागणारं सगळं लोखंड मामाच्या डोळ्यांखालून, खरं म्हणजे कानांखालून जायचं. गरम लाटलेल्या लोखंडाच्या प्लेट आणि बिलेट हा त्याचा मुख्य माल. बिलेट म्हणजे मनगटाहून जाड, चौकोनी, लांबलचक दांडे. ते मिलमध्ये पुन्हा तापवून त्यांच्या सळया लाटतात. तयार सळईत काय गेलंय ते दिसत नाही, म्हणून मामाने शेठला बिलेट आपण विकत घेऊन आपणच लाटून घ्यायला लावले होते. प्रत्येक बिलेटच्या कापलेल्या तोंडाशी तो बसायचा आणि मधोमध भोक आहे का बघायचा. बाजारातले व्यापारी त्याला चिडवायचे, "हिराजी, माल घ्यायला आलास का मुलगी बघायला?" मामा मान वर न करता म्हणायचा, "मुलीला वाजवून बघावं लागत नाय. तुमचा माल वाजवावा लागतो."

मी दहा-अकरा वर्षांची असताना एकदा त्याने मला आवारात नेलं. निळसर काळ्या खवल्यांच्या प्लेट लाकडी ओंडक्यांवर आडव्या टाकलेल्या होत्या, एकेक आमच्या स्वयंपाकघराएवढी. त्याने माझ्या हातात एक छोटी हातोडी दिली आणि मार म्हणाला. मी मारली. घंटेसारखा नाद लांबत गेला. मग त्याने मला दुसऱ्या प्लेटपाशी नेलं, एका ठिकाणी बोट ठेवलं आणि इथे मार म्हणाला. तिथे आवाज जागच्या जागी बसला. बद्द.

"तुझी आई माठ घेताना काय करतं? हेच ना," तो म्हणाला. "आयक. आपली भाकरी थापलेली, ही लाटलेली. लाटताना आत कचरा न्हायतर हवा रायली तर दोन पदर होतात. वरून एक दिसतं, आत दोन. भाकरीला पापुद्रा सुटला तर बाईचं नाव होतं गो. प्लेटला सुटला तर तिच्यावर काय टांगायचं नाय."

मग त्याने खिशातून पांढरा खडू काढला आणि त्या प्लेटवर मोठी फुली मारली. मामाची फुली म्हणजे माल परत. आवाराचा एक नियम होता, कुठे लिहिलेला नव्हता पण सगळे पाळायचे: फुली ज्याने मारली त्यानेच पुसायची. ट्रक रिकामा उभा असो, काम अडलेलं असो, शेठ स्वतः आलेले असोत, दुसऱ्या कुणाचा हात त्या खडूला लागत नसे. आणि मामाने स्वतः फुली पुसलेली कुणी पाहिली नव्हती.

त्याची आणखी एक रीत होती. लोखंडाची जाडी आपल्याकडचे कारागीर सुतात मोजतात. आठ सुतांचा एक इंच. खाडीचं काम असलं की नकाशात असेल त्याहून एक सूत जाड प्लेट मामा मागवायचा. याला तो खाडीचं सूत म्हणायचा. एकदा एका तरुण इंजिनियराने विचारलं, हे कुठल्या नियमात बसतं? मामा म्हणाला, "साहेब, नकाशा तुम्ही हापिसात बसून काढला. खाडी तो वाचत नाय. ती पयल्या दिवसापासून खाते. तिचं सूत तिला दिलं की आपलं आपल्याला रातं." शेठने वर्षानुवर्षं हे चालवून घेतलं, हेही लिहायला हवं. ज्याच्यावर टीका करायची त्याच्या चांगल्या गोष्टी गाळायच्या नाहीत, हे मला बाबांनी शिकवलं. मी ते नेहमी पाळलं नाही.

बाबांविषयी इथेच सांगते. बाबा आणि मामा एकाच गावचे, खाडीच्या बांधाआतल्या गावचे. बाबांनी पेणला छापखाना टाकला, पण गावाच्या बांध कमिटीचे प्रमुख तेच राहिले. खारभूमीच्या प्रश्नावर, मिठागरांच्या मजुरीवर, कारखान्यांच्या सांडपाण्यावर त्यांनी आयुष्यभर पत्रकं काढली. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर, तीही छापण्याआधीची, खिळ्यांतली, उलटी अक्षरं. मामा आला की बाबांना चिडवायचा, "भावोजी, तुमचे खिळे शिशाचे, आमचे लोखंडाचे. पण तुमचेच जास्त टोचतात." बाबांना हसू आवरत नसे. या दोघांचं इतकं जमायचं की आई म्हणायची, माझं लग्न यांच्याशी झालं का माझ्या भावाचं, तेच कळत नाय.

आमच्या गावाच्या बांधात एक उघाडी आहे. खाडीकाठच्या वाचकांना सांगायला नको, इतरांसाठी सांगते. बांधातून पावसाचं पाणी खाडीत जावं आणि भरतीचं खारं पाणी आत येऊ नये, यासाठी जी दारं ठेवतात ती उघाडी. खाडीच्या बाजूला वरून बिजागरीवर टांगलेल्या लोखंडी झडपा असतात. भरती आली की पाण्याच्याच दाबाने त्या मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. आमच्या उघाडीच्या तिन्ही झडपा कुजल्या होत्या. कमिटीने बरीच वर्षं अर्ज करून नव्या मंजूर करून घेतल्या आणि काम नेमकं शेठला मिळालं. गावात आनंद झाला. प्लेट हिराजी घेणार, म्हणजे काळजी नाही.

त्या वर्षी बाजारात प्लेट मिळत नव्हती. शेठने नेहमीचा व्यापारी सोडून कुठून तरी माल आणला. चांगल्या प्लेटवर तिचा नंबर ठोकलेला असतो. लोखंड ज्या घाणीत, म्हणजे भट्टीच्या ज्या खेपेत वितळलं, त्या घाणीचा. सोबतच्या कागदावर तोच नंबर आणि तपासणीचे आकडे असतात. मामा त्या कागदाला जन्मदाखला म्हणायचा. या प्लेटचा दाखला दुसऱ्याच कुठल्या प्लेटचा होता, तोही झेरॉक्स. आणि प्लेट वाजवल्यावर बिजागरी यायची तिथेच ती बद्द बोलली. मामाने तिन्ही झडपांच्या प्लेटवर फुल्या मारल्या. अकरा दिवस प्लेट आवारात फुल्यांसकट पडून होत्या. बाराव्या दिवशी फुल्या नव्हत्या आणि माल ताब्यात घेतल्याच्या कागदावर मामाची सही होती.

आषाढातल्या अमावास्येच्या उधाणाला, भर दुपारी, तिसरी झडप बिजागरीतून फाटून निघाली. वेल्डिंग सुटली नाही. वेल्डिंग प्लेटच्या वरच्या पदराला होती आणि तो पदरच सोलून आला. झडपेच्या भोकातून पाणी आत शिरलं, बाजूची माती ढासळली, संध्याकाळपर्यंत बांधाला बैलगाडी जाईल एवढी खांड पडली. लावणी होऊन आठवडा झाला होता. माणूस दगावला नाही. पण खारं पाणी बसलेल्या शेतात पुढची काही वर्षं भात येत नाही, हे गावात लहान मुलालाही माहीत असतं. बायका बांधावर उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. रडायलासुद्धा कुणाला सुचत नव्हतं.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि जगातला प्रत्येक अन्याय माझ्या एका पत्रकाची वाट बघतोय असं मला वाटायचं. आवारातल्या एका वेल्डरने मला फुल्यांची हकीकत सांगितली. एवढं मला पुरलं. पुसायचा अधिकार एकट्या मामाचा, सही मामाची, मग उरलं काय? मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. मथळा होता, "फुली कुणी पुसली?" खाली लिहिलं होतं की, शेठच्या भाकरीला जागून एका माणसाने आपल्याच गावात खाडी घातली, आणि त्या माणसाचं नाव हिराजी... पुढे आडनाव, गाव, सगळं. तो माझा मामा आहे हेही मी लिहिलं होतं. त्यात मला स्वतःचा मोठेपणा वाटत होता.

बाबांनी कागद उभ्याउभ्या वाचला. बराच वेळ वाचला.

"नाव घालायला हवंच का?" त्यांनी विचारलं.

"नाव नसलेलं पत्रक म्हणजे नुसती ओरड, असं तुम्हीच म्हणता."

बाबा वळले. चष्मा लावून खिळ्यांच्या पेटीसमोर उभे राहिले आणि एकेक अक्षर उचलू लागले. मी शेजारी उभी होते. हि, रा, जी. मला ते दृश्य तेव्हा फार मोठं वाटलं होतं: मेव्हणा असून बापाने हात आखडता घेतला नाही. पेणच्या एसटी स्टँडवर पहिलं पत्रक मीच चिकटवलं. त्यासाठी खळ आईने करून दिली. कशावर काय लिहिलंय ते तिने विचारलं नाही.

चौकशी झाली. शेठ म्हणाले, खरेदीत मी कधी लक्ष घातलं नाही, हिराजीवर माझा पूर्ण भरवसा होता. मामाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, सही माझी आहे. याहून एक शब्द जास्त बोलला नाही. ठपका त्याच्यावर आला आणि त्याच आठवड्यात त्याने आवार सोडलं. रोह्याला खोली घेतली, धाटावच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरला लागला. कामगारांना हातमोजे आणि गमबूट काढून द्यायचं काम. खोली ते कंपनी आणि कंपनी ते खोली, शिफ्टच्या बसने. सहा वर्षं तो एवढ्याच रस्त्यावर राहिला. गावात लग्नं झाली, त्याच्या चुलत्याचं दिवसकार्य झालं, तो आला नाही. नागोठण्याच्या अलीकडे, पेणच्या बाजूला, तो सरकला नाही असं मामी सांगते. दर भाऊबीजेला आई एकटीच सकाळच्या एसटीने रोह्याला जायची आणि संध्याकाळी परत यायची. बाबा तिला स्टँडवर सोडायला जायचे, आणायला जायचे. बसमध्ये मात्र चढायचे नाहीत. मला वाटायचं, तत्त्वासाठी.

माझी आणि मामाची भेट त्यानंतर एकदाच झाली. गेल्या दिवाळीच्या आधी धाटावच्या सांडपाण्यावर लिहायचं म्हणून मी गेले होते. परतताना रोह्याच्या स्टँडवर तो समोर आला, हातात जेवणाचा रिकामा डबा. मी नजर चुकवायच्या बेतात होते. तोच म्हणाला, "काय गो, खिळे जुळवतंस का अजून? का नुसते ठोकतंस?" आणि हसला. चहाला घेऊन गेला. हातमोज्यांच्या गमती सांगत बसला: डावे दोन आले तर भांडणं होतात, बाकी काम सोपं, वाजवून बघायला लागत नाय. त्याच्या बोटांची टोकं आता स्वच्छ होती. खवल्याचा तो निळसर काळेपणा गेला होता आणि त्यामुळे ते हात मला कुणा दुसऱ्याचेच वाटले.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "मामा, का पुसलीस?"

तो कपातल्या चहाकडे बघत राहिला. "तू लिवलंस ते खोटं नाय. मीच पुसली. पुसायचा हक दुसऱ्या कुणाचा होता?"

"मग चौकशीत सांगायचं तरी होतंस. शेठने जबरदस्ती केली असेल, तर..."

"शेठने नाय केली." त्याने डब्याचं झाकण दाबून घट्ट केलं. मग म्हणाला, "मी तोंड उघडलं तर पाणी कुणाकुणाच्या घरात जाईल, ते तुला ठाव नाय. जा, तुझी गाडी लागली."

गाडीत बसल्यावर मी खिडकीतून पाहिलं तर तो डबा काखेत धरून फलाटावर तसाच उभा होता. पेणची पाटी लावलेल्या गाडीकडे बघत. मी हात केला नाही. तो पश्चात्तापाचा मुखवटा आहे असं मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं. वही अजून आहे.

बाराव्याला आम्ही पुन्हा रोह्याला गेलो. विधी आटोपले, शेजारपाजारचे उठून गेले. खोलीत मामी, आई, बाबा आणि मी उरलो. मामी उठली, दाराखालचा लोखंडी तुकडा दोन्ही हातांनी काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "ह्यो तू ने गो. त्यानं काय सांगून ठेवलेला नाय. पन मला आता घरात नको."

मी तो उचलला. पोळपाटाच्या निम्मा असेल, पण चांगला जड. एका बाजूला काळ्या डांबरी रंगाचे अवशेष. कापलेल्या कडेत, जाडीच्या मधोमध, केसाएवढी काळी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली. मी तुकडा उलटा केला. कोपऱ्यात फुली होती. खडूची नव्हे. छिन्नीने ठोकून कोरलेली, बोट फिरवलं तर लागेल अशी.

मामीने सांगितलं, फुली पुसायच्या आधी मामाने तिन्ही प्लेटवर ही अशी कोरली होती, कोपऱ्यात, रंगाखाली झाकली जाईल अशी. खांड पडल्यावर ओहोटीच्या वेळी तो चिखलात उतरला, फाटलेली झडप शोधली, गॅस कटरने तिचा तो कोपरा कापून घेतला आणि गोणपाटात गुंडाळून एसटीने घरी आणला. चौकशीत हा तुकडा पुढे ठेवला असता तर प्लेट वाईट होती हे शाबीत झालं असतं. आणि हेही शाबीत झालं असतं की ती वाईट आहे हे लावणाऱ्यांना लावण्याआधीच माहीत होतं.

"लावणाऱ्यांना म्हणजे?" मी विचारलं.

तुकडा माझ्या हातात होता, त्यामुळे दार हळूहळू मिटत आलं आणि बंद झालं. आत आम्ही चौघं. बाबा खाटेच्या कडेला बसले होते, जमिनीकडे बघत. त्यांनीच सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी...

जुन्या झडपा आधीच काढून झाल्या होत्या. उघाडीची तिन्ही भोकं मातीच्या पोत्यांनी बुजवलेली. उधाण चार दिवसांवर आलेलं आणि दुसरी प्लेट यायला तीन आठवडे लागणार होते. अकराव्या दिवशी बाबा आणि कमिटीची माणसं आवारात गेली. शेठकडे नाही, थेट मामाकडे. फुली पूस म्हणाले. मामाने त्यांना ऐकवण्यासाठी प्लेट वाजवून दाखवली. म्हणाला, भावोजी, ही बद्द बोलते, हिच्यावर गाव टांगू नका. पोती वाढवा, मी रात्रंदिवस उभा राहतो. तेव्हा बाबा म्हणाले, "हिरा, तुला तुझ्या कानाचं पडलंय. आम्हाला गावाचं."

मामाने मग खडू तळहाताने पुसला. निदान बिजागऱ्यांना आरपार बोल्ट मारून घेतो म्हणाला, म्हणजे दोन्ही पदर धरले जातील. दोन झडपांना मारून झाले. तिसरीच्या वेळी पाणी चढायला लागलं होतं आणि बोल्टची भोकं पाडायला आणखी एक दिवस लागणार होता. तेव्हाही कमिटीच म्हणाली, लाव आता. पहिल्या दोन झडपा अजून उभ्या आहेत.

खांड पडल्यावर कमिटी बसली. वाईट माल गावानेच मान्य केला होता हे उघड झालं तर सरकार बांध दुरुस्त करून देणार नाही, अशी भीती होती. कुणीच काही बोलायचं नाही असं ठरलं. ते मामाला सांगायला बाबाच गेले होते.

"शपथ वगैरे काय घातली नाय," बाबा म्हणाले. "नुसतं सांगितलं. तो व्हय म्हणाला."

मग माझं पत्रक आलं. बाबांना ते थांबवता आलं असतं, पण थांबवायचं म्हणजे कारण सांगायला हवं होतं.

 आईने भावाच्या फोटोकडे बघतच विचारलं, "आणि ते नाव? ते तुमच्याच हातांनी जुळवलंत ना?"  आईने पुढे आणखी एवढंच म्हटलं, "खळ मी केलेली." उठून तिने दार उघडलं आणि ते पाठीने दाबून धरून उभी राहिली, आम्ही बाहेर पडेपर्यंत.

बांध गेल्या वर्षी पुन्हा बांधून झाला आहे. नवी झडप लागली आहे. खारं पाणी ज्या शेतांत बसलं होतं तिथे या वर्षी पहिल्यांदा भात उभा राहिला. म्हणजे गप्प राहण्याचं जे कारण होतं ते मामाच्या हयातीतच संपलं होतं. त्याला तसं कळवायला कुणी गेलं नाही. मीही गेले नसते, मला ते कारणच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक नव्हतं कारण मी प्रश्न भिंतीवर चिकटवला होता, त्याला विचारला नव्हता. शेठने दुसऱ्याचा दाखला लावून भिकार माल आणला, हा गुन्हा त्याचाच आणि मी तो विसरणार नाही. पण त्याच्यापर्यंत जायचा रस्ता मामावरून जात होता आणि मी मामापाशीच थांबले. तिथे थांबणं सोपं होतं. तो उत्तर देणार नव्हता.

हा लेख मी पहिल्यांदा लिहिला तेव्हा त्यात आवारात जाऊन फुली पुसायला लावणारे कोण, तिथे "गावातली काही माणसं" असं लिहिलं होतं. कुठल्याच पत्रकात कुणाच्या नावाचा आग्रह न धरणाऱ्या आईनेही ते वाचून माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी म्हटलं, बाबांचं वय झालंय, त्यांना गावात राहायचंय. आईने कागद माझ्याकडे परत सरकवले. मग मी कागद बाबांच्या टेबलावर ठेवले आणि पंख्याने उडू नयेत म्हणून वर मामाचा तुकडा ठेवला.

बाबांनी तो उचलून बाजूला केला, चष्मा लावला आणि तपासायला आलेल्या कुठल्याही मुद्रितासारखं ते वाचलं, ओळीखाली बोट सरकवत. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं. "गावातली काही माणसं" यापाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी ते तीन शब्द एका सरळ रेघेने खोडले. समासात, त्यांच्या त्या छापील वाटणाऱ्या अक्षरात, स्वतःचं नाव लिहिलं. आडनाव, गाव, सगळं. या पुरवणीत ते छापायचं की नाही हे संपादकांवर सोडते. वर ज्यांना मी बाबा म्हटलं आहे, त्यांचंच ते नाव.

मग त्यांनी कागद एकसारखे केले आणि तुकडा परत त्यांच्यावर ठेवला. हात लगेच काढला नाही. बोटाच्या पेराने एकदा फुलीवर वाजवलं, कान जरा खाली नेऊन. बद्द. पुन्हा एकदा वाजवलं.